गोठत नाही म्हणे! बाहेरच्या ‘फ्रॉस्ट-फ्री’ नळाची हिवाळ्यानंतरची तपासणी

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. ज्या घरांच्या बाहेर हिवाळ्यात पाणी गोठतं, त्यांनी बागेसाठी हाच नळ बसवावा. साध्या तोटीपेक्षा तो सरस आहे, यात वादच नाही. फक्त खोक्यावर ठळक अक्षरांत ‘फ्रॉस्ट-फ्री’ छापलेलं वाचून निर्धास्त होऊ नका. ते नळाचं नाव आहे, हमी म्हणून कुठंही सही केलेली नाही.

कंपनीचं नाव देत नाही. आमच्याकडे आहे तो आणि आजूबाजूच्या घरांना बसलेत ते, सगळे एकाच रचनेचे. फरक असतो तो मुठीच्या रंगात आणि पितळेच्या जाडीत. तेव्हा खाली लिहिलेलं यातल्या बहुतेक नळांना लागू पडेल.

मी नोकरीभर व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. माल पास करायचा की परत पाठवायचा, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर मुलीकडे राहायला आलो आणि तपासायला उरले ते घरातले नळ. मुलगी म्हणते, बाबा नळाकडे पोलिसासारखं बघतात. बघतो खरा.

साध्या बाहेरच्या तोटीत पाणी अडवणारा वायसर मुठीच्या लगेच खाली, म्हणजे भिंतीच्या बाहेर असतो. नळ बंद केला तरी पाणी तिथपर्यंत येऊन उघड्या थंडीत उभं राहतं. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, हे शाळेत सगळेच शिकलेत. पितळाला ९ टक्के सोसत नाहीत, एवढंच.

या नळात मूठ बाहेर आणि वायसर घरात असतो. मुठीला जोडलेला लांब दांडा एका नळीतून भिंत ओलांडतो, त्याच्या आतल्या टोकाला वायसर, आणि तो बसतो ती बैठकही तिथंच. ही लांबी साधारण १५ ते ३० सेंटीमीटर, भिंत जेवढी जाड तेवढी लांबी जास्त. पाणी अडतं घराच्या उबेत आणि वायसरच्या पुढची नळी तोंडावाटे रिकामी होते. रिकाम्या नळीत गोठायला काही नसतं. कल्पना इतकी साधी आहे की कुणा हुशार कारागिराला ती एका दुपारीत सुचली असेल असं वाटतं.

त्यामुळेच बंद केल्यावर थोडा वेळ या नळाच्या तोंडातून पाणी येत राहतं. ही गळती नव्हे, नळी रिकामी होतेय. पण सवय नसलेला माणूस ते टपकणं बघतो आणि मूठ आणखी आवळतो. उद्या पुन्हा आवळतो. रबरी वायसर चेपत जातो, त्यावर बैठकीच्या कडेची गोल खाच उमटते आणि मग नळ खरोखर गळायला लागतो. या नळाला मनगटाचा जोर नको. पाणी थांबलं असं हाताला कळतं, तिथं थांबायचं आणि मिनिटभर वाट बघायची. त्यानंतरही थेंब पडत राहिला तर वायसर बदलायचा. एक थेंब पाव मिलिलिटरचा आणि सेकंदाला एक थेंब धरला, तर दिवसाला साडेएकवीस लिटर आणि वर्षाला जवळपास ७,९०० लिटर पाणी जातं. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, पण हिशेबात खोट नाही.

विकत घेताना पहिली गोष्ट बघायची ती लांबी. बाहेरचं आवरण, मधली पोकळी, उष्णतारोधक थर, आतली भिंत, सगळं धरून मोजायचं, आणि वायसरचं टोक त्या सगळ्याच्या पलीकडे, उबदार बाजूला गेलं पाहिजे. आखूड नळ घेतला तर बैठक त्या थराच्या बाहेरच्या अंगाला, थंडीतच राहते. मग वेगळे पैसे मोजून घेतलेली वस्तू साध्या तोटीच्याच पंक्तीला बसते.

दुसरी गोष्ट उतार. नळी बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेली हवी, साधारण ५ अंश. झुकाव आत असेल, किंवा नळी अगदी समतळ असेल, तर पाणी पूर्ण निथळत नाही, आणि उरलेलं पाणी थंडीची वाट बघत बसतं. आमच्या नळासोबत यासाठी पाचरीच्या आकाराचा प्लास्टिकचा तुकडा आला होता, भिंत आणि नळाची चकती यांच्यामध्ये घालायला. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख शेवटच्या पानावर, तोही मुंगीएवढ्या अक्षरात. माझ्या मते हा या मालाचा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो धातूत नाही, कागदात आहे. ज्या दोन गोष्टींवर नळाचं आयुष्य ठरतं, त्या खोक्याच्या झाकणावर छापायला हव्यात. एक उतार. दुसरी, बागेची रबरी नळी हिवाळ्याआधी काढून ठेवणं.

नळी काढण्यावरून आमच्याकडेही चर्चा झाली. जावईबापू म्हणाले, “बाबा, हा नळ गोठतच नाही ना? मग नळी कशाला काढायची? परत लावायचा त्रास.” 

मी म्हटलं, “अहो, नळाचं तोंडच बंद केलंत तर आतलं पाणी बाहेर येणार कुठून?”

रबरी नळीच्या टोकाला बंद पिस्तूल, म्हणजे दाबून फवारा सोडायचं तोंड, असेल, किंवा नळी पाण्यानं भरलेली असेल, तर भिंतीतली नळी रिकामी होत नाही. दुहेरी तोंडाचा पितळी वाय-जोड लावून त्याचे दोन्ही कॉक बंद ठेवले तरी तेच. झटकन लागणाऱ्या काही प्लास्टिकच्या जोडांत नळी काढली की आपोआप मिटणारी झडप असते, ती तर कुणाच्या लक्षातही येत नाही. थंडीआधी नळाच्या तोंडावर काहीच नको, नळी नको, जोड नको, टायमर नको.

हे नाही पाळलं तर काय होतं, ते मला शेजारच्या घरात बघायला मिळालं. तिथं असाच नळ, नळी अख्खा हिवाळा लावलेली. थंडी संपल्यावर झाडांना पाणी घालायला नळ उघडला, बाहेर धार नेहमीपेक्षा बारीक, आणि थोड्या वेळात तळघराच्या भिंतीवरून पाण्याचा ओघळ. प्लंबरनं नळ उपसून काढला तेव्हा मी मुद्दाम मागून घेऊन बघितला. तांब्याची नळी लांबीच्या दिशेनं उसवलेली, फट दोन बोटांएवढी. फटीच्या कडा बाहेर वळलेल्या आणि तिथं तांबं ताणून इतकं पातळ झालेलं की कडेवरून नख फिरवलं तर ती लवत होती. बाकी नळी गोल, चकचकीत. वायसर तर नव्यासारखा.

चीर उभी पडते, आडवी नाही, याचं कारण आम्हाला कारखान्यात पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पातळ भिंतीच्या नळीत आतून दाब आला की गोलाईच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो, म्हणून नळी उभीच फाटते. आणि बर्फ भिंतीला रेटतो म्हणून ती फाटते असं समजतात, तेही पूर्ण बरोबर नाही. बर्फ आधी बाहेरच्या टोकाला धरतो आणि नळीत बूच बसतं. मागे बंद वायसर, पुढे बर्फाचं बूच, मध्ये कोंडलेलं पाणी. बूच वाढत जातं तसा मधल्या पाण्याचा दाब चढत जातो, आणि नळी बहुधा त्या पाण्याच्या जागी फुटते, म्हणजे भिंतीच्या आत.

आता या नळाची खरी गोम. फुटलेली जागा वायसरच्या पुढे आहे. त्यामुळे नळ बंद असेतोवर एक थेंबही गळत नाही. हिवाळाभर भिंत कोरडी, पाण्याचं मीटर स्थिर, सगळं आलबेल. नळ उघडला की त्या क्षणी पाणी चिरेतून भिंतीत. साधी तोटी फुटली तर निदान बाहेर, डोळ्यांसमोर फुटते. म्हणून मी म्हणतो, हा नळ चांगला, पण वसंतातली त्याची पहिली उघडणी तपासणीशिवाय करू नये.

कारखान्यात प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन चाचण्या व्हायच्या. सीट टेस्ट म्हणजे व्हॉल्व्ह बंद करून एका बाजूनं दाब द्यायचा आणि बैठकीतून झिरपतंय का बघायचं. शेल टेस्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडा ठेवून दोन्ही तोंडं बंद करायची आणि अंगावर साधारण नेमून दिलेल्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा, शरीराला कुठं भोक-चीर आहे का बघायला. थंडी सरल्यावर लोक “बंद केल्यावर टपकत नाही, म्हणजे ठीक” म्हणतात. ती झाली सीट टेस्ट. हिवाळा मारतो शेलला, आणि ती चाचणी कुणी करत नाही.

घरी दीडपट दाब नको, रोजचा दाब पुरतो. दिवसा ऊन पडलं एवढ्यावर जाऊ नका, रात्रीचं तापमान सलग शून्याच्या वर राहू लागलं की कामाला लागा. आमच्या घरात या नळाच्या आधी आत एक वेगळी चावी आहे, आणि तिच्या बगलेला अडकलेलं पाणी सोडायला छोटं पितळी टोपण. शरद ऋतूत उघडलेलं ते टोपण आधी घट्ट करायचं, नाहीतर पहिली आंघोळ आपली. मग बाहेरचा नळ अर्धा उघडायचा, आणि त्यानंतर आतली चावी हळूहळू. एकदम उघडली तर पाणी पुढच्या हवेला रेटत धावतं, टोकाला धडकतं आणि पाइपात दणका बसतो. असे दणके सांध्यांचे शत्रू. नळ सुरुवातीला खोकतो, थुंकतो, तपकिरी गढूळ पाणी टाकतो. धार एकसंध होईपर्यंत वाहू द्यायची.

धार चालू असताना आत कुणीतरी बॅटरी घेऊन पाइप भिंतीत शिरतो तिथं उभं राहावं. आमच्याकडे ही ड्युटी नातीची. खाली कोपऱ्यातून तिचा आवाज येतो, “आजोबा, कोरडं!” मग मी नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरतो. धडधाकट नळाचं पाणी अंगठ्याला जुमानत नाही, बाजूंनी फवारे उडतात. अंगठ्यानं धार सहज थांबली, तर पाण्याला आत दुसरी वाट सापडली असावी असा संशय घ्यायचा आणि लगेच चावी बंद करायची.

शेवटी शेल टेस्ट. नळाला रबरी नळी लावायची, टोकाचं पिस्तूल बंद, आणि नळ पूर्ण उघडा. घरातला बाकी प्रत्येक नळ, संडासाची टाकी, धुण्याचं मशीन बंद ठेवून मीटरकडे जायचं. बहुतेक मीटरवर एक छोटी चकती किंवा त्रिकोण असतो, बारीकशा प्रवाहालाही फिरणारा. तो स्थिर राहिला तर नळाचं अंग शाबूत. फिरला तर आधी रबरी नळीचे जोड आणि नळाचं टोपण बघा. ते कोरडे असतील तर पाणी भिंतीत जातंय. नळ बंद ठेवून मीटर बघण्याला इथं काहीच अर्थ नाही, कारण चीर बंद वायसरच्या पलीकडे आहे.

टोपण म्हटलं ते नळाच्या डोक्यावरचं, बहुतेक प्लास्टिकचं. त्याच्या आत हवा घेणारी झडप असते, व्हॅक्यूम ब्रेकर. रबरी नळीचं टोक खताच्या बादलीत बुडालेलं असताना रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीतला दाब अचानक पडला, तर बादलीतलं पाणी उलटं घरात ओढलं जाऊ शकतं. अशा वेळी ही झडप हवा आत घेते आणि ओढ तोडते. या नळातला सर्वांत गरीब भाग हाच. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, आतली सील झिजते आणि नळ चालू असताना डोक्यातून कारंजं उडतं. ते थांबवायला कुणी टोपणात एमसील भरतं, कुणी झडपच उपटून टाकतं. तसं करू नका. सील आणि झडपेचा संच वेगळा मिळतो, टोपण फिरवून काढलं की पाच मिनिटांचं काम आहे. कंपनीनं इथं पितळी टोपण दिलं असतं तर मी एक तारा जास्त दिला असता.

याच झडपेमुळे आणखी एक पथ्य. टोकाला पिस्तूल किंवा टायमर लावून नळ दिवसरात्र उघडा ठेवायचा नाही. या प्रकारच्या झडपा २४ तासांत १२ तासांपेक्षा जास्त सलग दाबाखाली ठेवायच्या नसतात, चिकटतात. ठिबकसाठी टायमर लावायचाच तर तो नळाच्या तोंडाशी लागणारा नको, झडपेच्या आधीची वेगळी व्यवस्था प्लंबरकडून करून घ्यावी.

मुठीजवळ दांड्याच्या कडेनं पाणी येत असेल तर घाबरायचं कारण नाही. पॅकिंगची चाकी, म्हणजे दांड्याभोवतीचं भरण दाबून धरणारा नट, पान्यानं थोडी, पाव फेऱ्याच्या आतच, आवळायची. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

या निमित्तानं घेतलेल्या किरकोळ वस्तूंबद्दल थोडक्यात. नळाच्या तोंडाला फिरवून लावायचा दाबमापक, घ्याच. घरातला दाब ४० ते ८० पीएसआय म्हणजे साधारण पावणेतीन ते साडेपाच बार असावा. ८० च्या वर काटा गेला तर नळाला दोष देऊ नका, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा किंवा असलेला तपासा. रबरी नळीचे वायसर दरवर्षी नवे घाला, जुने चपटे झालेले असतात आणि जोडातून जी फवारणी होते ती त्यांच्यामुळेच. त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणारे भेटतात, पण तिथं पाणी अडवतो वायसर, आटे नव्हे. टेप वाया. ॲल्युमिनियमच्या तोंडाची नळी पितळी नळावर मोसमभर ठेवू नका, दोन धातूंमध्ये गंज धरून ती अशी जाम बसते की काढताना नळच पिळवटतो. नळावर घालायची फोमची टोपी साध्या तोटीला थोडा आधार देते, या नळाला तिची गरज नाही.

दुकानात याच नळाची पाव फेऱ्यात उघडणारी जातही ठेवतात. वापरायला सुटसुटीत, म्हाताऱ्या मनगटांना बरी, जास्त आवळण्याची भानगड नाही. पण पटकन बंद होते, त्यामुळे पाइपात ठोका बसतो. माझा कौल जुन्या, फिरवून बंद होणाऱ्या मुठीला. तिचा वायसर कुठंही मिळतो आणि बदलायला आतली चावी बंद करून, मूठ आणि पॅकिंगची चाकी सोडून दांडा सरळ बाहेर ओढायचा, एवढंच. भिंत फोडावी लागत नाही. या एका गोष्टीसाठी मी रचना करणाऱ्याला पैकीच्या पैकी देईन.

तारे द्यायचेच तर नळाला ५ पैकी ४, माहितीपत्रकाला १. ज्यांच्याकडे बाहेर कधी गोठत नाही त्यांनी साधी पितळी तोटीच घ्यावी, लांब दांड्याचा उपयोग नाही. आणि घेणाऱ्यांनी बिलासोबत नळाचा मॉडेल नंबर आणि दांड्याची लांबी आतल्या चावीजवळ भिंतीवर मार्करनं लिहून ठेवावी. वायसर आणि झडपेचा संच मागायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा तेच विचारतो, आणि तोवर खोकं रद्दीत गेलेलं असतं.